निकाहाआधीची रक्ततपासणी ते कोर्टातली डीएनए चाचणी: रिपोर्टवर हक्क कोणाचा?

आपल्या घरांमध्ये रिश्त्याची बोलणी सुरू झाली की मुलाची नोकरी, मुलीची तालीम, खानदान, दीनदारी अशी सगळी चौकशी होते. आता त्यात रक्ताच्या रिपोर्टची भर पडू लागली आहे. डॉक्टर सांगतात, निकाहाआधी थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. सल्ला चांगलाच आहे. पण त्यामागोमाग जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं घरात कुणी देत नाही. मुलीच्या रिपोर्टमध्ये काही निघालं तर ते कुणाकुणाला सांगायचं? मुलाकडचे तपासणीची सक्ती करू शकतात का? पोटातल्या बाळाची तपासणी करायची की नाही, हे सासरचे ठरवणार का? आणि उद्या भांडण झालंच, तर नवरा कोर्टात जाऊन मुलाची डीएनए चाचणी मागू शकतो का?

हे प्रश्न वेगवेगळे वाटत असले तरी त्यांचं मूळ एकच आहे: ज्याच्या अंगातलं रक्त, त्याच्या रिपोर्टवर हक्क कुणाचा? आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तपासणी जरूर करावी, पण ती मर्जीने व्हावी, आणि तिची किंमत एकट्या मुलीने मोजू नये. कायदा बऱ्याच अंशी हेच सांगतो. कसं, ते क्रमाने पाहू.

आधी आजार समजून घेऊ

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो संसर्गाने होत नाही, खाण्यापिण्यातून होत नाही, कुणाच्या नजरेने तर नाहीच नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक अम्मीकडून आलेली आणि एक अब्बांकडून. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाची एक प्रत सदोष आणि दुसरी चांगली असेल तर तो माणूस 'वाहक' असतो. डॉक्टर त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तो शिकतो, कमावतो, रोजे ठेवतो, संसार करतो. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी असतं. अनेकांना तर आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळतही नाही.

अडचण येते ती नवरा आणि बायको दोघंही वाहक असले तर. मग प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळतील आणि त्याला थॅलेसेमिया मेजर होईल. ५० टक्के शक्यता बाळ वाहक असण्याची आणि २५ टक्के शक्यता पूर्ण निरोगी असण्याची. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली होणार, असा हा हिशोब नाही. दर वेळी शक्यता तीच राहते. दोघांपैकी एकच जण वाहक असेल तर मात्र बाळाला मेजर होत नाही.

मेजर असलेल्या बाळाचा आजार बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत दिसू लागतो. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह शरीरात साठत जातं, म्हणून ते बाहेर काढणारी औषधंही रोजची होतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता मिळणं आणि खर्च झेपणं, दोन्ही अवघड.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. असं मूल जन्माला आलं की आपल्याकडे बोट बाईकडे वळतं. 'तिच्या माहेरच्या रक्तात दोष आहे' असं म्हणतात. हे साफ चूक आहे. मेजर व्हायला आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत यावीच लागते. एकट्या बाईच्या रक्ताने हा आजार होत नाही.

नात्यातले निकाह

चुलत, मामे, फूफीच्या किंवा खालाच्या मुलाशी निकाह जायज आहे आणि आपल्यात तो होतो. नात्यात लग्न करणारे आपण एकटे नाही. महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू समाजांतही मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे. तेव्हा या विषयावरून कुणी आपल्याला हिणवायचं कारण नाही, आणि आपणही चिडून विज्ञानाकडे पाठ फिरवायचं कारण नाही.

हिशोब साधा आहे. सख्ख्या चुलत-मामे भावंडांमध्ये सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. भारतात सर्वसाधारणपणे शंभरातले तीन-चार लोक थॅलेसेमियाचे वाहक असतात. पण घरातला एक जण वाहक निघाला, तर त्याच्या सख्ख्या चुलत किंवा मामे भावंडात तीच प्रत असण्याची शक्यता साधारण आठात एक होते. म्हणजे नात्यात रिश्ता करायचा असेल तर तपासणीची गरज वाढते, एवढाच याचा अर्थ. नात्यातला प्रत्येक निकाह धोक्याचा असतो असं नाही, आणि परक्या खानदानात रिश्ता केला म्हणजे धोका टळला असंही नाही.

तपासणी सोपी आहे. आधी साधी रक्तगणना, म्हणजे सीबीसी, होते. त्यात लाल पेशी लहान दिसल्या तर एचपीएलसी नावाची चाचणी करतात आणि एचबीए-२ या हिमोग्लोबिनचं प्रमाण पाहतात. साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर ते गेलं की माणूस वाहक असण्याची शक्यता असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेलही याच चाचणीत कळतो. एक जण सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, हे लक्षात ठेवा. अंगात लोह कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. म्हणून तो स्वतः वाचून निकाल लावू नका, डॉक्टरांकडून समजून घ्या.

तपासणी सक्तीची आहे का?

भारतात निकाहाआधी थॅलेसेमियाची किंवा कुठलीही जनुकीय तपासणी बंधनकारक करणारा देशव्यापी कायदा नाही. काजी साहेबांनी, जमातीने किंवा मुलाकडच्यांनी ती मागितली तर ती विनंती ठरते, कायद्याचा हुकूम नव्हे. सज्ञान मुलामुलीच्या मर्जीशिवाय कुणीही त्यांचं रक्त काढायला लावू शकत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. आपल्या शरीराबद्दल आणि आपल्या आरोग्याच्या माहितीबद्दल निर्णय घेणं हा त्याच हक्काचा भाग आहे.

काही मुस्लिम देशांत चित्र वेगळं आहे. सौदी अरेबियात २००४ पासून लग्नाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी बंधनकारक आहे. पण तिथेही दोघं वाहक निघाले म्हणून निकाह रोखला जात नाही. माहिती दिली जाते, सल्ला दिला जातो आणि निर्णय जोडप्यावर सोडला जातो. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२५ पासून आपल्या नागरिकांसाठी लग्नाआधीची जनुकीय तपासणी सक्तीची केली. म्हणजे तपासणी करणं इस्लामविरोधी आहे, हा गैरसमज निदान या उदाहरणांनी तरी दूर व्हायला हवा.

मुलाची तपासणी आधी

इराणमध्ये १९९७ पासून लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी होते. त्यांची पद्धत आपण उचलावी असं आम्हाला वाटतं. तिथे आधी मुलाचं रक्त तपासतात. त्याच्या लाल पेशी ठीक निघाल्या तर मुलीची तपासणी करायची गरजच उरत नाही, कारण दोघं वाहक असल्याशिवाय मेजर होत नाही. मुलात वाहकाची चिन्हं दिसली तरच मुलीला बोलावतात.

याचा फायदा काय, ते आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मुलगा वाहक निघाला तर लोक चार दिवसांत विसरतात. मुलगी वाहक आहे ही बातमी पसरली तर तिच्यासोबत तिच्या धाकट्या बहिणींचेही रिश्ते अडतात. तपासणीचा हेतू बाळाचा आजार टाळणं हा आहे. तो मुलापासून सुरुवात करूनही तितकाच साधतो. मग मुलीच्या नावाची विनाकारण चर्चा का होऊ द्यायची? आपल्याकडे सिकलसेलचाही प्रश्न असल्याने मुलाची सीबीसी आणि एचपीएलसी दोन्ही करून घ्याव्यात.

आणखी एक. तपासणी मंगनीनंतर नको, रिश्त्याची गोष्ट पक्की होण्याआधी करा. दावत झाली, कपडे घेतले, पाहुण्यांना कळवलं आणि मग रिपोर्ट आला, तर कुणीही मोकळ्या मनाने निर्णय घेऊ शकत नाही. त्याहून चांगलं म्हणजे मुलगा-मुलगी सज्ञान झाले की रिश्त्याची वाट न बघता ज्याने त्याने आपली तपासणी करून घ्यावी आणि रिपोर्ट आपल्याकडे ठेवावा. लहान वयात केवळ पुढच्या रिश्त्यासाठी मुलांना वाहक म्हणून तपासून ठेवू नये. तो निर्णय त्यांनी मोठं होऊन घ्यायचा आहे. आजाराची लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील ते करावं.

रिपोर्ट ही अमानत

डॉक्टरांसाठी २००२ पासून लागू असलेल्या आचारसंहितेनुसार रुग्णाची गुपितं बाहेर सांगायला मनाई आहे. रुग्णाने आपली वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी नियम स्पष्ट आहे: रिपोर्ट ज्याचा, त्याला तो मिळायलाच हवा, आणि त्याच्या मर्जीशिवाय दुसऱ्याला मिळायला नको. लॅबमधून 'मुलीचा रिपोर्ट आला का' असं होणारे सासरे फोन करून विचारत असतील, तर त्यांना सांगायचं की नाही हे ती मुलगी ठरवेल.

मग समोरच्या बाजूला जाणून घ्यायचा काहीच हक्क नाही का? १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असं एक प्रकरण आलं होतं. एका व्यक्तीला एचआयव्ही असल्याचं रुग्णालयाकडून उघड झालं आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. होणाऱ्या जोडीदाराच्या जिवाला धोका असेल तर गोपनीयतेचा हक्क अमर्याद नाही, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. पण थॅलेसेमियाच्या वाहकाला हा दाखला जसाच्या तसा लावता येणार नाही, असं आमचं मत आहे. वाहकापासून जोडीदाराच्या जिवाला काहीही धोका नसतो. धोका असलाच तर पुढच्या बाळाला, आणि तोही दोघं वाहक असले तरच.

कायद्याचं झालं ते झालं, पण दीनदारी आणखी पुढे जाते. रिश्ता करताना महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणं आपल्याला शोभत नाही. म्हणून ज्याचा रिपोर्ट आहे त्याने स्वतः समोरच्याला सांगावं, हे योग्य. आणि ज्याला सांगितलं, त्याच्यासाठी ती अमानत झाली. रिश्ता झाला नाही तरी ती अमानतच राहते. ती बाहेर सांगत फिरणं म्हणजे गीबत. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पुढे पाठवणं हीसुद्धा गीबतच, आणि ती तर पुसताही येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमची माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगणं आणि तुमची संमती घेणं हे लॅब, अ‍ॅप आणि रुग्णालय यांचं काम आहे. परदेशातले नातेवाईक कधी कधी 'आपलं मूळ अरबस्तानातलं की कोकणातलं' हे शोधायला लाळेच्या चाचणीचे किट आणतात. त्यांनी एक लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या ट्वेन्टीथ्री-अँड-मी या कंपनीकडून २०२३ मध्ये लाखो ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पासवर्ड बदलता येतो, जनुकं बदलता येत नाहीत. आणि एकाची लाळ म्हणजे सगळ्या भावंडांची अर्धीअधिक माहिती.

गरोदरपणातली तपासणी

निकाह झाला, नंतर कळलं की दोघंही वाहक आहेत. घाबरून जायचं कारण नाही, पण वेळ फार महत्त्वाची आहे. गरोदरपणाच्या साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भाभोवतालचं पाणी घेऊन बाळाची डीएनए तपासणी करता येते. त्यासाठी आई-बापाच्या जनुकातला नेमका दोष आधी शोधून ठेवावा लागतो. म्हणून दिवस राहण्याच्या आधीच जनुकीय सल्लागाराला भेटलेलं बरं.

इथे तीन कायदेशीर गोष्टी समजून घ्या.

पहिली. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा (महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ मध्येच केला होता) थॅलेसेमियाच्या तपासणीला बंदी घालत नाही. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजार शोधण्यासाठीची तपासणी त्या कायद्याने मान्य केलेली आहे. मात्र ती नोंदणीकृत केंद्रातच झाली पाहिजे, आणि मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हा आहे.

दुसरी. ही तपासणी गरोदर बाईच्या लेखी संमतीशिवाय करता येत नाही. तिचे धोके आणि परिणाम तिला समजावून सांगावे लागतात. संमतीपत्र तिला समजेल अशा भाषेत हवं आणि त्याची प्रत तिला मिळायला हवी. नवऱ्याची किंवा सासूची सही तिच्या सहीच्या जागी चालत नाही. मराठी किंवा उर्दूत समजावून सांगा, असं म्हणायला लाजू नका.

तिसरी आणि सर्वांत अवघड. बाळाला मेजर आहे असं निघालं तर पुढे काय? १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. बाळात गंभीर दोषाची शक्यता असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठराविक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे मोठ्या व्यंगाच्या प्रकरणात वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याच्या संमतीची अट कायद्यात नाही. तिचं नाव गुप्त ठेवणंही बंधनकारक आहे. तसंच तिची इच्छा नसताना कुणी तिला गर्भपात करायला भाग पाडू शकत नाही.

दीनी बाजूने पाहिलं तर मक्केतल्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने १९९० मध्ये याबद्दल निर्णय दिला होता. विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून गर्भात गंभीर आणि उपचार नसलेला दोष असल्याचं सांगितलं, आणि आई-बापाची इच्छा असली, तर गर्भधारणेपासून १२० दिवसांच्या आत गर्भपाताला परवानगी आहे, असं त्यात म्हटलं. १२० दिवसांनंतर मात्र आईच्या जिवाला धोका असल्याशिवाय नाही. इतर उलेमांची मतं याहून कडक आहेत, म्हणून आपल्या विश्वासातल्या मुफ्तींना जरूर विचारा. पण लक्षात घ्या, डॉक्टर दिवस शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि फिकहमधले १२० दिवस गर्भधारणेपासून धरले जातात. डॉक्टरांच्या हिशोबाने ते साधारण १९ आठवडे होतात. वारेची तपासणी लवकर करून घेतली तर विचार करायला, विचारायला आणि इस्तिखारा करायला वेळ मिळतो. उशीर केला तर दीन आणि कायदा दोघांच्या मुदती एकदमच डोक्यावर येऊन बसतात.

कोर्टात डीएनए

आता सर्वांत नाजूक विषय. नवरा-बायकोत बिनसलं, पोटगीचा दावा लागला, आणि नवरा म्हणाला, 'हे मूल माझं नाही, डीएनए करा.' अशा वेळी बाईला वाटतं, आता सगळं संपलं. तसं नाही.

पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११२ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ झालं आहे. वैध विवाह चालू असताना, किंवा विवाह संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच औरस मूल मानलं जातं. हा निर्णायक पुरावा आहे. तो खोडायचा असेल तर मूल राहण्याच्या काळात नवरा-बायकोचा एकमेकांशी संबंध येणंच शक्य नव्हतं, हे नवऱ्याला दाखवावं लागतं. नुसता संशय चालत नाही.

आपल्या फिकहचा विचारही याच्याजवळचा आहे. निकाहात जन्मलेलं मूल नवऱ्याचं धरलं जातं. पाकदामन बाईवर पुराव्याशिवाय तोहमत लावणाऱ्याला सूरह नूरमध्ये कडक शिक्षा सांगितली आहे. नवऱ्यासाठी लिआनचा मार्ग आहे, पण तो खेळ नाही. आपल्या देशात नवऱ्याने बदचलनीचा खोटा आरोप केला तर पत्नी लिआनच्या आधारे १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयात निकाह रद्द करून मागू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं होतं की अशी रक्ततपासणी सहज म्हणून देता येणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याचं प्रकरण आलं. पत्नीवर व्यभिचाराचा आरोप करून नवऱ्याने मुलाच्या डीएनएची मागणी केली होती. कौटुंबिक न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती मान्य केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आई-बापाच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू करू नये, आपल्या जन्मावर उगाच प्रश्न उठू नये हा मुलाचाही हक्क आहे, हा त्या निकालाचा सार आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या एका प्रकरणातही न्यायालयाने तीच दिशा कायम ठेवली. तिथे एका तरुणाला आपल्या आईच्या नवऱ्याऐवजी दुसऱ्याच पुरुषाला बाप ठरवायचं होतं. त्या पुरुषाची डीएनए चाचणी घ्यायला न्यायालयाने नकार दिला.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१४ मध्ये विदर्भातल्या एका पोटगीच्या प्रकरणात डीएनए चाचणी आधीच झालेली होती आणि तिचा निकाल नवऱ्याच्या बाजूने होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने गृहीतकापेक्षा विज्ञानाला महत्त्व दिलं. म्हणून व्यवहारातला सल्ला असा: चाचणी व्हायच्या आधीच हरकत घ्या. रागाच्या भरात 'करा चाचणी, होऊन जाऊ दे' म्हणून कागदावर सही करू नका. आधी वकिलाशी बोला. दिवाणी प्रकरणात नकार दिल्यास न्यायालय कधी कधी त्यावरून विरुद्ध अनुमान काढू शकतं. त्यामुळे नकार तोंडी नको, कारणांसह लेखी द्यावा.

पणाला काय लागलेलं असतं ते बघा. मुलाचं नाव, त्याची पोटगी आणि वारसा. हनफी मतानुसार अनौरस मुलाला बापाकडून वारसा मिळत नाही. एका संशयाने मुलाचं पूर्ण आयुष्य बदलू शकतं. म्हणून घरातल्या मोठ्यांनी अशा वेळी आगीत तेल ओतू नये.

विमा आणि सवलती

आनुवंशिक आजार म्हणून आरोग्य विमा कंपनीने दावा नाकारला, असंही होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हृदयाचा आनुवंशिक आजार असलेल्या एका विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला आणि आनुवंशिक आजार सरसकट वगळणं हा भेदभाव असल्याचं म्हटलं. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. पण विमा नियामकाने मार्च २०१८ मध्येच कंपन्यांना कळवलं होतं की 'आनुवंशिक आजार' या वगळण्याच्या कारणाखाली आरोग्य विम्याचे दावे नाकारू नयेत. त्यामुळे असं कारण लिहून दावा नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे तक्रार करा. मात्र अर्जात विचारलेली माहिती खरीच भरा.

थॅलेसेमिया मेजर आणि सिकलसेल आजार हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहेत. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात अर्ज करा. प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठराविक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते.

रिपोर्टवरून घरात छळ झाला तर

आजारी मूल झालं म्हणून सुनेला टोमणे मारणं, माहेरी पाठवून देणं, तोडून बोलणं, हा २००५ च्या कायद्याखाली कौटुंबिक हिंसाचार ठरू शकतो. त्यात मानसिक छळही येतो. आणि कुणी रिपोर्ट हातात घेऊन एका दमात तीन तलाक दिला, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे तो तलाक होतच नाही, उलट नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. बाईला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

जमातींना एक विनंती

शेवटी मशिदीच्या आणि जमातीच्या जबाबदार मंडळींशी बोलायचं आहे. तपासणी शिबिर जरूर घ्या, सामुदायिक निकाहाच्या अर्जासोबत माहितीचा कागद द्या, जुम्याच्या बयानात इमाम साहेबांना दोन मिनिटं यावर बोलायला सांगा. पण रिपोर्ट लिफाफ्यात बंद करून ज्याचा त्याच्याच हातात द्या. यादी करून जमातखान्यात लावू नका, कमिटीच्या ग्रुपवर टाकू नका. बोलावणं मुलांना आधी पाठवा. मुलं रांगेत पुढे उभी राहिली, तर मुलींच्या वालिदैनच्या मनातली भीती आपोआप कमी होईल आणि ज्या बाळासाठी हे सगळं करायचं, त्याचंही भलं होईल.